चिंपांझी आपला आजोबा नव्हे

देवगडच्या शाळेत तू उत्क्रांती शिकवणार हे वाचून फार बरं वाटलं. मी बरीच वर्षं हे करतोय. सुरुवातीला थोडंच घे, पण पक्कं घे.

सगळ्यात आधी, माणूस चिंपांझीपासून झालेला नाही. तो आपला चुलतभाऊ. दोघांचा पूर्वज एकच, साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, आफ्रिकेतला. तो आज कुठेही नाही. "मग माकडं अजून कशी शिल्लक?" हा प्रश्न हमखास येईल. तेव्हा फळ्यावर वंशावळ काढ: पणजोबा एक, एक घर मुंबईला गेलं, एक गावात राहिलं. मुंबईचं घर वाढलं म्हणून गावचं मिटत नाही. कोकणातल्या पोरांना हे लगेच कळतं. आंब्यावर उड्या मारणारे शेपटीवाले वानर त्याहून लांबचे भाऊबंद.

वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची रांग दाखवणारं चित्र लावूच नकोस. मी लावलं होतं; मुलं वर्षभर तेच धरून बसली. फांद्या फुटलेलं झाड काढ.

"वापरलं नाही म्हणून शेपूट गळालं" असंही म्हणू नकोस. गुणसूत्रं पुढच्या खेपेला. पहिल्या तासाला प्रत्येकाला आपापलं माकडहाड चाचपून बघू दे, शेपटाची खूण तिथेच आहे.