नॉमिनी धाकटा, मग शेअर कोणाचे?

औसा तालुक्यातून पत्र आलंय. वडील निवृत्त शिक्षक, मृत्युपत्र न करता गेले, त्याला दोन वर्षं झाली. डिमॅट खात्यावर, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यावर, नॉमिनी धाकटा भाऊ. त्याने मृत्यूचा दाखला लावून सगळे शेअर स्वतःच्या खात्यात घेतले आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "नॉमिनी मी आहे, यात कोणाचा हिस्सा नाही." थोरला भाऊ आता विचारतोय, पुढे काय? असली पत्रं सारखी येतात, फक्त गाव बदलतं.

नॉमिनी मालक होत नाही, शेअर वारसांसाठी सांभाळतो. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्याच प्रकरणात हा वाद मिटवलाय. फेरफाराने जमिनीची मालकी ठरत नाही, तसंच हे. स्वकष्टार्जित मिळकतीत तुम्ही दोघे भाऊ, बहीण, आई आणि हो, आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात आहे म्हणता, तर तीही वारस. पाच जण, प्रत्येकी एक पंचमांश. बहिणीने हक्कसोड दिलंय म्हणता. त्यात गट नंबर सोडून शेअरचा शब्द तरी आहे का, वाचून बघा.

हे झालं हक्काचं. तुमचं प्रकरण अडलंय ते वेळेवर. भावाने आज शेअर विकले की पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पैसे त्याच्या हातात. आपल्याकडे समन्स बजावायलाच किती महिने जातात, ते वेगळं सांगायला नको. त्यानंतर तुम्ही शेअर मागणार नाही, पैशामागे पळणार. शिवाय मालकी जाहीर करून मागायच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि तो व्हॉट्सॲपचा मेसेज आला त्या दिवसापासून ती सुरू झाली, असं समोरचा वकील म्हणणारच. वाटपाच्या मागणीची मुदत वेगळी मोजता येईल, पण त्या वादात शिरायची वेळ का आणता? सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला तलाठ्याकडे चकरा मारल्यात ना? मग इथे दोन वर्षं कशाची वाट बघितलीत?

तेव्हा वाटपाचा दावा या महिन्यात दाखल करा, आणि त्यासोबतच शेअर विकायला मनाई मागणारा अर्ज. पहिल्याच तारखेला तात्पुरता हुकूम मिळेलच असं नाही, पण तो मेसेज आणि भावाच्या नावावर शेअर गेल्याचा कागद जोडला तर वजन पडतं. ब्रोकरला नुसतं पत्र लिहून खातं गोठेल, अशी आशा नको. तो कोर्टाचा हुकूम मागेल. वारस प्रमाणपत्र काढा, असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. शेअर वडिलांच्या नावावर असते तर ते कामी आलं असतं, इथे ते आधीच भावाच्या खात्यात गेलेत.

दुसरं खातं वडील आणि आई दोघांच्या नावाचं आहे, तिथे गोष्ट निराळी. जोडखात्यात एक गेला की शेअर हयात खातेदाराच्या नावावर होतात. नॉमिनीची पाळी दोघेही गेल्यावर. पैसे मुळात कोणाचे होते, हा वाद पुढे निघू शकतो, पण वडिलांचं नाव कमी झालं की सही चालते ती आईचीच. भाऊ 'बँकेचा कागद आहे' म्हणून तिच्यापुढे शेअर वळते करायची स्लिप ठेवू शकतो. ते स्लिपबुक तिच्या कपाटात असेल तर आज संध्याकाळीच तिच्यासोबत बसून पानं मोजा, एखादी कोरी सही झालीय का बघा, आणि झाली असेल तर उद्या सकाळी ब्रोकरकडे लेखी द्या.