माचुचियामाच्या देवळात गणपती का दिसला नाही?

टोकियोत असाकुसाजवळच्या माचुचियामा शोदेनला गेलात, गणपती आहे असं ऐकून गेलात, आणि दिसले नुसते मुळे! देऊळ चुकलेलं नाही. मूर्ती गाभाऱ्यात आहे, पण ती कुणालाच दाखवत नाहीत.

त्या देवाला तिथे शोतेन किंवा कांगितेन म्हणतात. तांत्रिक बौद्ध पंथाबरोबर तो चीनमार्गे जपानला पोचला. त्या पंथातला मोठा आचार्य कूकाई चीनहून परतला ते साल ८०६. पण आपला लाडका बाप्पा मनात धरून त्याच्याकडे पाहू नका. याज्ञवल्क्यस्मृती या जुन्या धर्मशास्त्रातला विनायक आठवा: माणसाला पछाडणारा, कामं अडवणारा, ज्याची शांत करावी लागते तो. जपानने ही जुनी बाजू सांभाळून ठेवली, असं माझं मत. तिथल्या कथेत अकरामुखी कन्नोन, म्हणजे स्त्रीरूपातला अवलोकितेश्वर (बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व), या दांडगट विनायकाला आलिंगन देऊन धर्माकडे वळवते. म्हणून मूर्ती बहुधा जोडीची असते. दोघंही हत्तीच्या तोंडाची, उभ्याने मिठीत, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकलेली. स्त्रीचं पाऊल पुरुषाच्या पावलावर, म्हणजे तो काबूत आहे.

मूर्ती लहान आणि सहसा धातूची, कारण तिला कोमट तेलाचा अभिषेक घालतात; एरवी ती गोल डब्यासारख्या देव्हाऱ्यात बंद. देव लगेच पावतो पण चुकीला माफी नाही, अशी ख्याती असल्याने पूजा दीक्षा घेतलेल्यांनीच करायची. तुम्हाआम्हाला मुळा वाहता येतो. भिंतींवर कोरलेले मुळे आणि पैशाच्या थैल्या ही त्याचीच चिन्हं. ७ जानेवारीला तिथे मुळ्यांचा उत्सव असतो, तेव्हा मुळा प्रसाद म्हणून मिळतो. आणि हो, मोदकाचा चुलतभाऊही आहे: क्योटोत कांगिदान मिळतं, थैलीच्या आकाराचं, आत गोड पुरण आणि तळलेलं. तळणीचे मोदक खाणाऱ्याला ओळख सांगावी लागणार नाही.

जपानमधले आपले देव डोळे भरून पाहायचेच असतील तर क्योटोच्या तोजी देवळात जा. तिथल्या व्याख्यानगृहात कूकाईच्या योजनेनुसार २१ मूर्तींचा मंडल, म्हणजे देवांची ठरावीक मांडणी, मांडलाय; ती ८३९ साली पुरी झाली. चार हंसांनी पेललेल्या कमळावर चतुर्मुख ब्रह्मदेव, हत्तीवर इंद्र. इंद्राचं डोकं नंतर बसवलेलं आहे, तरी ऐट पाहण्यासारखी. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे थोडा निवांत वेळ काढून जा.