‘क्षपणक’ : क्षय नेमका कशाचा?

पॅलॅडिअम उत्प्रेरकाविषयी वाचताना एका वाचकाला ‘ट्रायब्युटिल टिन हायड्राइड हा येथे क्षपणक आहे’ हे वाक्य खटकले. क्षपणक म्हणजे क्षपण (reduction) घडवणारा पदार्थ आणि क्षपण म्हणजे शब्दशः घट. मग रेणूला उलट हायड्रोजन मिळत असताना घट कशाची झाली, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘क्षपण’ हा ‘क्षय’च्या कुळातला शब्द. संस्कृतातील ‘क्षि’ या क्रियापदाच्या प्रयोजक रूपावरून, झिजवणे किंवा कमी करणे या अर्थाने तो आला. धातुकातील ऑक्सिजन काढून धातू मिळवताना वजन खरोखरच घटते, त्यामुळे जुन्या अर्थाने तो चपखल बसतो. पुढे व्याख्या इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीवर आली आणि आता घटते ती ऑक्सिडीकरण अवस्था, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले असे मानले जाते तो आकडा.

बेंझॉइल क्लोराइडपासून बेंझाल्डिहाइड करण्याचे उदाहरण घेऊ. शून्य अवस्थेतील पॅलॅडिअम कार्बन-क्लोरीन बंधात शिरून +2 होतो. ट्रायब्युटिल टिन हायड्राइडमधले टिन (कथील धातू) आपला हायड्रोजन त्याला देऊन क्लोरीन घेते. मग तो हायड्रोजन कार्बनशी जोडला जाऊन अल्डिहाइड सुटते व पॅलॅडिअम पुन्हा शून्यावर येतो. या सगळ्यात त्या कार्बनची अवस्था +3 वरून +1 होते. वाचकांना हवी असलेली घट ती हीच.

मला याहून मोलाची वाटते ती दुसरी बाब. टिनची अवस्था आधी +4 असते आणि नंतरही +4च राहते. हायड्राइडमधला हायड्रोजन मात्र −1 वरून +1 होतो, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन देणारा खरा दाता तोच. म्हणून ‘धातूने क्षपण केले’ असे येथे लिहू नये. जस्ताचा चुरा वापरला असता तर ते शोभले असते, कारण तेथे इलेक्ट्रॉन धातू स्वतः देतो.

‘क्षपणक’ शब्दातील ‘क’ कर्तृत्व दाखवतो. विक्रमादित्याच्या नवरत्नांत धन्वंतरीच्या शेजारी येणारे क्षपणक हे नाव आपल्या परिचयाचे असते. संस्कृतात क्षपणक म्हणजे उपवासव्रते करणारा भिक्षू, विशेषतः दिगंबर जैन साधू. तो स्वतःचा देह झिजवतो, तर रसायनातला क्षपणक दुसऱ्याचे क्षपण करतो आणि त्याचे स्वतःचे ऑक्सिडीकरण होते. त्यामुळे वरच्या अभिक्रियेत बेंझॉइल क्लोराइडला क्षपणक म्हणणे चूक ठरेल. त्याच्याबद्दल ‘क्षपण झालेला पदार्थ’ असे सरळ लिहावे.