मान्यता, दखल की गौरव? आणि वाचकाला 'लाभार्थी' का म्हणायचं?

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडच्या एका वाचनालयाने दृष्टिहीन आणि अपंग लोकांसाठी खूप चांगलं काम केलंय, त्याचं सन्मानपत्र मराठीत करायचंय, इंग्रजी मसुद्यात 'रेकग्निशन' आहे तर त्याला मान्यता म्हणावं, दखल की गौरव? समितीने केलेलं वाक्यही त्यांनी पाठवलंय: "अंध व अपंग लाभार्थींची निःस्वार्थ सेवा केल्याबद्दल मान्यता देण्यात येत आहे."

ताई, मान्यता आधी काढा. वाचनालयाला मान्यता म्हटलं की आपल्याकडे सरकारी मान्यता आणि अनुदानच डोक्यात येतं, कौतुक कुणाच्या मनातही येणार नाही. दखल शब्द वाईट नाही पण दखल तक्रारीचीही घेतात, गुन्हाही दखलपात्र असतो, तेव्हा तो बातमीत ठीक. सन्मानपत्रात सरळ 'गौरव'.

पण मला त्या वाक्यात जास्त खटकला तो 'लाभार्थी'. हा शब्द योजनांच्या फॉर्मवरून आलाय, ज्याला पैसे किंवा वस्तू मिळते तो लाभार्थी. वाचनालयात येऊन पुस्तक मागणारा माणूस वाचक असतो, नाव नोंदवलं की सभासद असतो, मग त्याला दिसत नाही एवढ्यावरून तो लाभार्थी कसा काय होतो? बाकीच्या सभासदांना आपण कधी लाभार्थी म्हणत नाही ना! हा एक शब्द बदललात तरी अख्ख्या वाक्याचा सूर बदलेल. 'निःस्वार्थ सेवा'चंही तसंच. ग्रंथालय सेवा म्हणताना सेवा म्हणजे सर्व्हिस, पण मागे निःस्वार्थ लावलं की ती लगेच पुण्यकर्म होते आणि वाचक दयेचा धनी. त्यापेक्षा काय काम केलं ते लिहा, कारण काम खरंच बारकाईचं असतं. ब्रेल म्हणजे बोटांनी वाचायच्या उठावदार ठिपक्यांची लिपी, तिची पुस्तकं कपाटात उभीच ठेवावी लागतात, एकावर एक रचली तर खालच्या पुस्तकांचे ठिपके दबतात आणि बोटांना अक्षर लागत नाही. सहा ठिपक्यांच्या चौकटीत पहिला आणि तिसरा ठिपका उठला की तो भारती ब्रेलमधला (आपल्या भाषांसाठीच्या ब्रेलमधला) 'क', आता तिसरा दबला तर उरतो एकटा पहिला आणि तो 'अ' वाचला जातो, म्हणजे नुसतं कपाट नीट लावणं हेसुद्धा वाचकासाठीचंच काम झालं. हे कुणीतरी रोज बघतं म्हणून पुस्तक वाचण्याजोगं राहतं, आणि गौरव करायचा तर ह्याचा करा.

अंध की दृष्टिहीन की दिव्यांग हेही विचारलंय. अंध ही शिवी नाही, कितीतरी संस्थांच्या नावातच तो आहे, पोस्टातसुद्धा ब्रेल पुस्तकांचं पार्सल 'ब्लाइंड लिटरेचर' म्हणून ७ किलोपर्यंत बिनतिकिटाचं जातं. तरी मी दृष्टिहीन लिहीन, आणि ज्यांना थोडंफार दिसतं तेही धरायचे असतील तर दृष्टिबाधित. दिव्यांग सरकारी कागदांत रुळलाय पण सगळ्यांनाच तो आवडतो असं नाही, म्हणून ज्यांच्याबद्दल लिहिताय त्या सभासदांनाच विचारा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता अंध आणि अपंग एकत्र का येतात ते सांगतो, कारण शब्द त्यावरच ठरतो. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसची अंधांसाठीची सेवा १९३१ च्या कायद्याने सुरू झाली, १९६६ मध्ये तीत शारीरिक अपंग वाचकही आले, कारण डोळे चांगले पण हाताने पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही अशांचीही अडचण तीच. २०१९ मध्ये त्यांनी नावातलं 'फिजिकली हँडिकॅप्ड' काढून 'प्रिंट डिसेबल्ड' केलं. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने अशा वाचकांसाठी पुस्तकाची वापरता येईल अशी प्रत करायला सूट आहे आणि अशा प्रती सोप्या करण्यासाठीच झालेल्या २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मंजुरी देणारा पहिला देश भारतच. पण 'प्रिंट डिसेबल्ड'चं मराठी 'वाचता न येणारे' करू नका हं, त्याचा अर्थ निरक्षर होतो! मी 'छापील पुस्तक वापरण्यात अडचण असलेले वाचक' लिहीन, लांब आहे पण चुकीचं काही सांगत नाही.

आपल्या पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात ब्रेल विभाग आहे, ती संस्था १८३२ पासूनची. जमलं तर एकदा जाऊन तिथे येणाऱ्या वाचकांशी बोला, कुठला शब्द कानाला कसा लागतो ते त्यांच्याकडूनच कळेल.

तर माझा मसुदा असा: "दृष्टिहीन आणि शारीरिक अपंग वाचकांना ब्रेल व बोलती पुस्तके नियमित उपलब्ध करून देणाऱ्या या वाचनालयाच्या उत्कृष्ट ग्रंथालय सेवेचा गौरव करण्यात येत आहे." बोलती पुस्तकं, म्हणजे ऐकायची ध्वनिमुद्रित पुस्तकं, तुमच्याकडे नसतील तर ती काढा, जे आहे तेवढंच लिहा. आणि छापायच्या आधी बघून घ्या, नुसता शब्द 'दृष्टी' दीर्घ पण दृष्टिहीन, दृष्टिबाधित यांत 'ष्टि' ऱ्हस्व.