धाकटी खात नाही, थोरला थांबत नाही

"मॅडम, धाकटी खातच नाही आणि थोरल्याचं पोट भरतच नाही. माझंच काहीतरी चुकतंय." मुलांच्या खाण्याबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे सांगलीच्या विश्रामबाग भागातून आलेल्या एका आईचं हे पहिलं वाक्य.

आधी मोजमाप. धाकटी 4 वर्षांची, 14 किलो, 99 सेंटिमीटर. अंगानं बारीक, पण वाढ ठीक. या वयात वर्षाला साधारण 2 किलोच वाढतात, म्हणून भूक कमी झाल्यासारखी वाटते. थोरला 9 वर्षांचा, 134 सेंटिमीटरला 36 किलो, म्हणजे जादा.

भूक बरीचशी उपजत असते. धाकटीचं पोट लवकर भरतं, ती सावकाश खाते. थोरल्याला डबा दिसला की खावंसं वाटतं. यात आईचा दोष नाही. पण घरच्या सवयींनी दोन्हीकडे भर पडत होती. धाकटीला दिवसाला 3 ग्लास, म्हणजे 600 मिली दूध, वर बिस्किटं. जेवायला भूक उरणार कुठून? मग आजी मोबाइल लावून भरवायच्या, आणि तिचा उरलेला भात वाया नको म्हणून थोरल्याच्या ताटात जायचा. शिवाय क्लासहून आला की टीव्हीसमोर भडंगाची अख्खी पिशवी.

नियम दोघांना एकच: काय आणि कधी हे मोठ्यांनी ठरवायचं, किती ते मुलांनी. दर अडीच-तीन तासांनी खाणं, मध्ये फक्त पाणी. दूध 2 कप. धाकटीला चतकोर भाकरी, 2 चमचे आमटी, एक आवडीचा पदार्थ. 25 मिनिटांनी काही न बोलता ताट उचलायचं. थोरल्याला भडंग वाटीत. बंदी नाही, कारण बंदी घातली की मुलं चोरून खातात. 'जाड्या' म्हणणंही बंद.

चौथ्या दिवशी गाडं अडलं. धाकटी दुपारी जेवली नाही, आजींना राहवेना, त्यांनी मधेच दूध दिलं आणि रात्रीचं जेवणही बुडालं. "आजी, दूध तुम्हीच द्या, पण साडेचारला, सगळ्यांबरोबर," हे त्यांना पटलं.

बारीक मुलाचं वजन महिनोन्महिने हललं नाही, गिळताना ठसका लागला, मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसला किंवा मूल झोपेत घोरू लागलं, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. इथे तसं काही नव्हतं.

तीन महिन्यांनी धाकटी अर्धा किलो वाढली. थोरला 36 वरच, उंची मात्र दीड सेंटिमीटर जास्त. वजन जादा असलेल्या वाढत्या मुलात हेच हवं. दोडका अजून दोघंही खात नाहीत. नवी भाजी अंगवळणी पडायला 10-15 वेळा समोर यावी लागते, दोडक्याची ही नववी वेळ.