धूर, बोअर आणि घरचा पाना

प्रश्न : काका, मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वडिलांची २००८ सालची स्प्लेंडर प्लस रोज शाळेत जायला वापरतो. ती आता निळसर धूर मारते, ऑईलही खाते. आमच्या वस्तादांनी गाडी उभ्या उभ्या पाहिली आणि ‘हाफ इंजिन (वरचा पिस्टन-रिंगांचा भाग) करावं लागेल’ म्हणून साडेपाच हजार सांगितले. व्हिडिओ पाहून वाटतं, पिस्टन-रिंगा मी स्वतःच बदलू शकेन. मेहुणे म्हणतात, नसता उद्योग करू नका. काय करू?

उत्तर : गुरुजी, मेहुण्यांना थोडं थांबवा आणि वस्तादांनाही. न खोलता, न मोजता सांगितलेलं ‘हाफ इंजिन’ हा नुसता अंदाज झाला. तो खराही निघेल. पण इंजिन कोणी बांधायचं हा वाद नंतरचा. धूर कुठून येतो ते आधी शोधा. हे काम तुम्ही स्वतः करू शकता आणि करावंच, त्याला फारसा खर्च नाही.

सगळ्यात आधी ऑईलची पातळी पाहा. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, ऑईल मोजायची पट्टी पुसून आट्यांवर नुसती टेकवा, फिरवून बसवू नका. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑईल भरलेलं असलं तरी गाडी धूर मारते. माझ्याकडे अशा गाड्याही यायच्या, ज्यांचं इंजिन उघडायची गरजच नव्हती.

मग धूर कधी येतो ते बघा. सकाळी पहिल्या किकला भपकन येतो आणि थोड्या वेळाने बंद होतो का? चाळीसगावजवळचा कन्नडचा घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो. खाली आल्यावर पीळ दिला की मागे लोट उठतो का? तसं असेल तर संशय वॉल्व्ह सीलवर, म्हणजे वॉल्व्हच्या दांडीवरच्या रबरी बुचावर घ्या. अ‍ॅक्सिलरेटर बंद असताना इंजिन आत जोरात ओढ घेतं आणि झिजलेल्या सीलमधून वरचं ऑईल खाली खेचतं. पण चढाला, डबलसीट, सतत धूर असेल आणि गाडीची ओढही गेली असेल, तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी.

खात्री करायची तर कॉम्प्रेशन गेज, म्हणजे इंजिनातला दाब मोजायचं मीटर मिळवा. इंजिन गरम करून बंद करा, स्पार्क प्लग काढून गेज लावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि आकडा स्थिरावेपर्यंत किका मारा. तो आकडा लिहून ठेवा. आता प्लगच्या भोकातून चहाचा अर्धा चमचा ऑईल सोडा आणि पुन्हा किका मारा. आकडा चांगला चढला तर रिंगांच्या फटीतून दाब निसटत होता. जिथल्या तिथेच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेडचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग बघायचं. धुळ्याला आयटीआयत शिकवताना मुलांकडून मी हे आधी करून घ्यायचो. त्याशिवाय पान्याला हात लावू देत नसे.

दोष वॉल्व्ह सीलचा निघाला तर काम तुमच्या आवाक्यातलं आहे. हेड उतरवायचं, स्प्रिंग दाबायचं हत्यार लागतं, टायमिंग चेन सोडावी लागते. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) ‘टी’ची खूण केसिंगच्या खुणेशी आणि वरच्या गिअरची खूण हेडच्या खुणेशी जुळवूनच चेन चढवा. मग किक न मारता इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर तिथेच थांबा, जोर करू नका. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा, शेवटी ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने. अंदाजाने पीळ देणाऱ्यांनीच अ‍ॅल्युमिनियमचे आटे खाल्लेले मी पाहिले आहेत. आटे गेले की वाचवलेली मजुरी वेल्डिंगवाला आणि लेथवाला वाटून घेतात.

बोअर झिजला असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या गाडीचा मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. पिस्टन वर्षानुवर्षं पुढे-मागे रेटला जातो, त्यामुळे बोअर गोल राहत नाही, अंडाकृती होतो, वर एक माप आणि खाली दुसरं. अशा बोअरमध्ये नव्या गोल रिंगा टाकल्या तर त्या भिंतीला नीट टेकणार कशा? ‘नुसत्या रिंगा टाका, भागतं’ हा सल्ला त्यामुळे मला पटत नाही. त्यात थोडे दिवस निघतात आणि धूर परत येतो.

बोअर मोजायचं काम लेथवाल्याचं. त्याच्याकडे बोअर गेज आणि मायक्रोमीटर असतो, तुमच्या ओसरीत नसतो. मापाबाहेर गेला असेल तर ०.२५ मिलिमीटर मोठा पिस्टन, त्यात भागलं नाही तर ०.५०. पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत लेथवर द्या. बोअर पिस्टनच्या मापाने कापतात, पिस्टन बोअरच्या मापाने येत नाही. कापल्यावर होनिंगची, म्हणजे बारीक तिरप्या रेघांची जाळी उमटली पाहिजे, कारण ऑईल त्याच रेघांत टिकतं. वरच्या मजल्याची खोल-बांध तुम्ही केली तरी लेथ आणि सामान यांचा खर्च तेवढाच राहतो. वाचते ती वस्तादांची मजुरी. साडेपाच हजारांत ती किती, हे आधी विचारा.

आणि खाली क्रँक (पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारा दांडा) वाजत असेल, कनेक्टिंग रॉडला खेळ असेल, तर तिथे घरी हातच घालू नका. केसिंग फोडणं, क्रँक प्रेसवर उघडून सरळ करणं हे ज्याच्याकडे प्रेस आहे त्याचं काम. आमच्याकडचा एक जुना मिस्त्री म्हणायचा, “भाऊ, इंजिन खोलनं सोपं शे, बसाडनं अवघड शे.”

आता माझं मत सांगतो. तुमच्याकडे गाडी एकच आहे आणि शाळा रोज आहे. शिकण्यासाठी इंजिन उघडायचं तर ते रोजच्या गाडीचं नको. उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघणार असाल तर तेही सांगतो : मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसकडे जातो आणि पत्र्याखाली ठेवलेला पाना हाताला चटका देतो. पहाटे कामाला बसा. नाहीतर यावेळी वस्तादांकडे द्या, पण दोन अटींवर. गेजचे दोन्ही आकडे त्यांना दाखवा आणि ‘इंजिन माझ्यासमोर खोला’ म्हणून सांगा. जुना पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह सील पिशवीत घालून मागून घ्या आणि चिठ्ठीवर नव्या पिस्टनचं माप लिहून घ्या. चांगला वस्ताद याचा राग धरत नाही. जो धरतो, त्याच्याकडे पुन्हा का जायचं? बोअर झाल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गाडी पिळू नका, एकसारख्या वेगातही दामटू नका. ऑईल लवकर बदला.

प्रश्न : मी रावेरकडचा केळीवाला. गाडी शिवाररस्त्याने धुळीतच चालते. इंजिनाचं कोणतं काम घरी करावं?

उत्तर : एअर फिल्टर, दादा! आधी तोच. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ फिल्टरच्या कडेने आत शिरली की ती ऑईलमध्ये मिसळून रिंगा घासते. वर गुरुजींच्या गाडीचं जे झालंय, त्याची सुरुवात बहुतेक इथूनच होते. पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नका, त्याआधीच उघडून पाहा. तेलाचा हात दिलेला कागदी फिल्टर हवा मारून साफ होत नाही, तो बदलायचाच. डबीचं झाकण आणि कार्ब्युरेटरकडची रबरी नळी चिरलेली असेल तर नवा फिल्टरही फुकट. ऑईल बदलणं, प्लग साफ करणं, चेन ताणणं हेही घरीच करा. टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची फट, मात्र फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तरच जुळवा, तीही इंजिन थंड असताना.

प्रश्न : माझी बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाची) गाडी आहे, २०२१ ची. तिचं इंजिन घरी उघडता येईल का? (नंदुरबार)

उत्तर : पाना तिलाही तोच लागतो. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या अशा बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं, सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सर आला. गाडी ओढत नाही म्हणून तुम्ही हेड उतरवाल आणि दोष निघेल एखाद्या सैल वायरीत. मीटरवरचा इंजिनचा दिवा पेटलाय का बघा. पेटला असेल तर आधी स्कॅनर (दोष वाचणारं यंत्र) लावून घ्या, तोवर प्लगला आणि एअर फिल्टरला सोडून कशालाही हात लावू नका. वॉरंटी अजून शिल्लक असेल तर इंजिनाच्या एकाही नटाला पाना लावू नका, पुढे दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.