एमी बीचचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. पियानोची आठवी ग्रेड झाली. आता तिला ऑर्केस्ट्रासाठी रचना करायला शिकायचंय. अमेरिकेच्या संगीतकार एमी बीचने घरी शिकून सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) लिहिली, मग हिला वेगळी पदवी कशाला? इंजिनिअरिंग करावं, संगीत घरी चालू राहील. स्टेजवर वाजवणं सध्या आम्ही बंद केलं आहे. — एक पालक

उत्तर : सीईटीचा फॉर्म भरा, त्यात काही बिघडत नाही. मला खटकलं ते तुमचं शेवटचं वाक्य.

बीच घरी शिकली, कारण तिला बाहेर जाऊ दिलं नाही. युरोपात पाठवा असं जाणकार सांगत होते, आईवडिलांनी पाठवलं नाही. 1885 मध्ये, अठराव्या वर्षी, चोवीस वर्षांनी मोठ्या सर्जनशी लग्न झालं. जाहीर वादन वर्षाकाठी एकदोनदाच आणि रचनेला शिक्षक नको, असं नवऱ्याचं म्हणणं. मग तिने संगीतकार बर्लिओझचा वाद्ययोजनेवरचा (कुठल्या वाद्याला काय द्यायचं यावरचा) फ्रेंच ग्रंथ स्वतः भाषांतरित केला, बाखचे फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत गुंफणाऱ्या रचना) आठवून लिहिले आणि मुळाशी ताडून पाहिले. शिवाय बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा तिच्या गावातच होता! त्याच ऑर्केस्ट्राने 30 ऑक्टोबर 1896 रोजी, एमिल पाउरच्या संचालनाखाली, तिची ‘गेलिक’ सिंफनी प्रथम वाजवली. संगीतकार चॅडविकने कौतुकाने लिहिलं, तू आता आम्हा मुलग्यांपैकीच एक. वाद्यमेळ जागोजागी फार दणदणीत झालाय, ही टीकाही झाली. पण समीक्षक फिलिप हेलने तो दोष थेट बाईपणाच्या खाती टाकला. ती युरोपात गेली 1911 मध्ये, नवरा वारल्यावर. हे उदाहरण बापाने लेकीला द्यावं?

आठवी ग्रेड वादन तपासते, रचना नाही. पियानोवाले ऑर्केस्ट्रासाठी लिहायला लागले की पहिली चूक पेडलची करतात. पियानोत पायाने पेडल दाबला की स्वर रेंगाळतात; ऑर्केस्ट्रात पेडल नसतो. रेंगाळणारे स्वर हॉर्न किंवा क्लॅरिनेट अशा फुंकून वाजवायच्या वाद्यांना धरून ठेवायला द्यावे लागतात, आणि त्यांना श्वासाला जागाही लागते. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं, म्हणून त्याचा भाग तेवढा वर लिहायचा, हेही सुरुवातीला हमखास विसरतं. तिला सोळा मात्राखंडांचा (बारचा) एखादा पियानोतुकडा बासरी, क्लॅरिनेट, हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठी उतरवू द्या आणि माणसांकडून वाजवून घ्या. संगणकातला हॉर्न कधी दमत नाही, त्यामुळे चूक कळतच नाही.

परदेशी प्रवेशासाठी साधारण दोनतीन रचना स्वरलिपीसह लागतात, ध्वनिमुद्रण असेल तर उत्तम. ब्रिटनमधल्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरींचे (संगीत महाविद्यालयांचे) अर्ज आदल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा मोसम असेल तेव्हा तिला घेऊन जा.

आणि स्टेज याच महिन्यात परत सुरू करा. तिच्या रचना वाजवून देणारी माणसं तिला तिथेच भेटणार आहेत.